गिरणगावातील जुना कामगार

माणसाचे वार्धक्य केव्हा सुरू होते याचा निर्णय निसर्ग करतो, अशी आपली समजूत असते. परंतु ज्याचे पोट दुसऱ्याने दिलेल्या कामावर अवलंबून आहे, त्याच्यापुरता तो निर्णय बहुधा मालकाच्या हजेरीपटाने किंवा सरकारच्या कायद्याने केलेला असतो. मुंबईच्या कापडगिरण्यांचा इतिहास भांडवलाच्या, संपांच्या, पुढाऱ्यांच्या आणि अलीकडे जमिनीच्या अंगाने पुष्कळ लिहिला गेला आहे. त्याच इतिहासाकडे केवळ एका प्रश्नाच्या अनुरोधाने पाहिले, म्हणजे केस पिकू लागलेल्या कामगाराचे या गिरण्यांनी वेळोवेळी काय केले असे विचारले, तर जे दिसते ते चित्त अस्वस्थ करणारे आहे. सुमारे अर्ध्या शतकाच्या झगड्याने या कामगाराने आपल्या जुनेपणाला कायद्याची प्रतिष्ठा मिळवून दिली, आणि ती प्रतिष्ठा पुरती अंगवळणी पडते न पडते तोच हा जुनेपणा त्याला घरी बसवण्याचे कारण ठरला. हे कसे घडले याची हकीकत येथे क्रमाने मांडायची आहे.

गिरण्या येण्यापूर्वीच्या महाराष्ट्रात काम आणि वय यांचा संबंध निराळा होता. वतनदाराचे वतन त्याच्या हयातीतच मुलाच्या हाताखाली जाऊ लागे. बलुतेदाराचा हात थकत जाई तसे त्याचे काम हलके होत जाई. नांगर मुलाने धरला तरी राखण, खळे आणि बी-बियाणे यांची चिंता म्हाताऱ्याकडे राही. पेशवाईच्या दप्तरांत लढाईत पडलेल्या शिपायांच्या मुलांसाठी लावून दिलेल्या बालपरवेशीच्या नोंदी आढळतात, त्यावरून चाकराच्या पश्चात त्याच्या घराचा विचार करणे हे सरकारचे कर्तव्य समजले जाई असे म्हणता येते. त्या व्यवस्थेत जातीचे जाच होते, आणि भूमिहीनाच्या नशिबी मरेपर्यंत मजुरीच होती, हेही विसरून चालणार नाही. तथापि, अमुक दिवसापासून अमुक माणूस निरुपयोगी झाला अशी तारीख त्या जगाला ठाऊक नव्हती. ती तारीख इंग्रजी अंमलात आली आणि प्रथम सरकारी कचेऱ्यांत स्थिरावली. १९२२ पासून लागू झालेल्या मूलभूत नियमांनी सरकारी नोकराला पंचावन्नाव्या वर्षी निवृत्त केले, परंतु त्याबरोबर निवृत्तिवेतनही दिले. गिरणीकामगाराला यांतले काहीच मिळाले नाही. त्याला निवृत्तीची तारीख नव्हती आणि निवृत्तिवेतनही नव्हते.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये उभी केलेली कंपनी आणि १८५६ मध्ये ताडदेवला सुरू झालेली तिची गिरणी, येथून या उद्योगाचा आरंभ धरला जातो. शतक संपता संपता मुंबई बेटावर ऐंशीच्या आसपास गिरण्या उभ्या राहिल्या आणि पहिल्या महायुद्धानंतरच्या वर्षांत त्यांतील कामगारांची संख्या दीड लाखाच्या घरात गेली. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, पुणे आणि नगर या मुलुखांतून आलेल्या या माणसांच्या वयाची नोंद ठेवण्याची गरज गिरणीला दीर्घकाळ भासली नाही. कारखान्यांच्या पहिल्या कायद्याने, म्हणजे १८८१ च्या कायद्याने, सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास मनाई केली, १८९१ मध्ये ही मर्यादा नऊवर आणि १९२२ मध्ये बारावर गेली; त्यामुळे मुलांच्या वयाचा दाखला पाहिला जाऊ लागला. मोठ्या माणसाचे वय मात्र कोणत्याही दप्तराचा विषय नव्हते. ते ठरवणारा माणूस एकच होता, आणि तो म्हणजे जॉबर.

जॉबराच्या अधिकाराचे स्वरूप ध्यानात घेतल्यावाचून त्या काळच्या जुन्या कामगाराची अवस्था समजणार नाही. भरती त्याच्या हाती, रजा त्याच्या हाती, बडतर्फीही त्याच्याच हाती. भोंगा झाल्यावर दाराशी जमलेल्या गर्दीतून आज कोणाला आत घ्यायचे हे तो ठरवी आणि त्यासाठी दस्तुरी घेई. ज्याचा हात मंदावला, ज्याची नजर तुटलेला धागा चटकन टिपीनाशी झाली, त्याला काढून टाकण्यासाठी नोटीस, चौकशी किंवा भरपाई यांची आवश्यकता नव्हती. एका सकाळी त्याच्या जागी बदलीवाला, म्हणजे गैरहजर माणसाऐवजी रोजावर घेतला जाणारा कामगार, उभा केला की काम झाले. आणि हात लवकर मंदावावा अशीच तेथील कामाची परिस्थिती होती. सूत तुटू नये म्हणून हवा मुद्दाम दमट ठेवलेल्या, कापसाच्या धुळीने भरलेल्या आणि शेकडो मागांच्या खडखडाटाने कानठळ्या बसवणाऱ्या खात्यांत दहा-बारा तास उभे राहणाऱ्याची छाती, कान आणि डोळे चाळिशी-पंचेचाळिशीतच थकून जात. असा माणूस आपल्या जागी मुलाला किंवा पुतण्याला लावून देई, जॉबराची मर्जी असेल तर काही दिवस झाडलोटीसारखे हलके काम पत्करी, आणि शेवटी बोटीने किंवा घाटाच्या वाटेने गावी परते.

शाही मजूर आयोगाने १९३१ च्या आपल्या अहवालात कामगाराचे गावाशी असलेले नाते हे तोडू नये, उलट जपावे असे मत दिले. आयोगाचा हेतू चांगला होता आणि त्या नात्यात कामगाराला आधार होता यात संशय नाही. परंतु त्या नात्याचा आर्थिक अर्थ स्पष्ट शब्दांत सांगितला पाहिजे. कामगाराच्या तारुण्यातील श्रमांचे फळ गिरणीच्या भागधारकांना मिळत होते, आणि त्याच्या वार्धक्याचा खर्च मात्र कोकणातील भाताच्या तुकड्यावर किंवा देशावरच्या कोरडवाहू शेतावर पडत होता. ज्या शेताचा गिरणीच्या नफ्यात कवडीचाही हिस्सा नव्हता, तेच शेत गिरणीच्या थकलेल्या माणसांना पोसत होते, आणि ज्याच्या गावी शेतच नव्हते त्याला कोणीही पोसत नव्हते.

जुनेपणाला किंमत मिळवून देण्याचे पहिले प्रयत्न संघटनेतून झाले. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणीकामगारांची सभा भरवून संघटनेचा पाया घातला आणि १८९० मध्ये रविवारची सुटी पदरात पाडून घेतली. तथापि नोकरीच्या स्थैर्याचा प्रश्न ऐरणीवर आला तो १९२८ च्या सार्वत्रिक संपात. मालकांनी त्या सुमारास सुधारणेच्या नावाखाली दोन मागांऐवजी तीन माग, आणि सूतकताईत एका साइडऐवजी दोन साइड एकाच माणसाकडे देण्याची योजना आणली होती. या योजनेत जितकी माणसे कमी होणार होती त्यांत कोण आधी जाणार हे उघड होते, कारण तिसऱ्या मागाकडे धावण्याचे बळ पंचविशीतल्या माणसाजवळ असते, पन्नाशीतल्या माणसाजवळ नसते. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सहा महिने गिरण्या बंद राहिल्या आणि गिरणी कामगार युनियनचा लाल बावटा त्या लढ्यात घरोघर पोहोचला. वेतनाइतकाच तो लढा आपल्या जागेवरून उठवले न जाण्याचाही होता.

पुढे १९३५ मध्ये मालकसंघाने बदली कामगारांच्या भरतीवर नियंत्रण ठेवणारी योजना सुरू केली. जॉबराचे माहात्म्य कमी करून भरतीला शिस्त लावावी हा मालकांचा हेतू. परंतु कार्ड मिळालेल्या बदलीवाल्यांनाच काम देण्याच्या या पद्धतीमुळे किती दिवस हजेरी भरली याची नोंद प्रथमच कागदावर येऊ लागली. जॉबराच्या मर्जीखेरीज दुसरा आधार नसलेल्या माणसाला आपल्या सेवेचा पुरावा दाखवता येऊ लागला, ही साधी वाटणारी गोष्ट पुढील सर्व हक्कांची जननी ठरली.

तथापि या हक्कांच्या वाटेवर एक मोठा वर्ग मागेच राहिला, आणि त्याची कहाणी पुढे सर्वांवर जे ओढवले त्याची पूर्वसूचनाच होती. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत सुमारे एकपंचमांश कामगार स्त्रिया होत्या. वाइंडिंग आणि रीलिंगची खाती तर मुख्यतः त्यांच्याच हातांवर चालत. रात्रपाळीस मनाई, बाळंतपणाच्या भत्त्याची १९२९ नंतर आलेली जबाबदारी आणि खात्यांची नवी यंत्ररचना या सबबींवर त्यांची नवी भरती आटत गेली, आणि चार-पाच दशकांत त्यांचे प्रमाण शेकडा पाचाच्याही खाली आले. एकदम कोणी हुकूम काढून त्यांना घालवले नाही. निवृत्त झालेल्या बाईच्या जागी दुसरी बाई घ्यायची नाही, एवढेच केले गेले. हक्क महाग झाला की हक्कदारालाच दूर सारायचे, ही रीत मालकवर्गाने येथे प्रथम आजमावली.

१९४७ पासूनच्या तीस वर्षांत जुन्या कामगाराच्या बाजूने कायद्यांची एक भक्कम इमारत उभी राहिली. १९४७ मध्ये मुंबईच्या गिरण्यांतील वेतनाचे प्रमाणीकरण झाले आणि त्याच वर्षी औद्योगिक विवादांचा कायदा आला. १९५२ मध्ये भविष्यनिर्वाह निधीचा कायदा झाला आणि ‘फंड’ हा शब्द चाळीतल्या प्रत्येक घरात रूढ झाला. १९५३ मध्ये गिरण्यांतून माल पडून राहिला आणि पाळ्या बंद करण्याची वेळ आली तेव्हा औद्योगिक विवादांच्या कायद्यात महत्त्वाची भर पडली: कामगाराला कपातीत काढायचे तर सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार द्यावा लागेल, आणि त्या त्या वर्गात जो शेवटी आला तोच सामान्यतः आधी जाईल. १९७२ मध्ये ग्रॅच्युइटीचा कायदा झाला. १९७६ मध्ये तीनशे किंवा त्यांहून अधिक कामगारांच्या कारखान्यांना कपातीसाठी सरकारची पूर्वपरवानगी आवश्यक झाली, आणि ही मर्यादा पुढे १९८२ च्या दुरुस्तीने, जिची अंमलबजावणी १९८४ मध्ये झाली, शंभरावर आणली गेली.

या तरतुदींत शेवटी आलेल्याने आधी जावे हा नियम माझ्या मते सर्वांत श्रेष्ठ आहे, आणि त्यामागील न्यायबुद्धी समजून घेण्यासारखी आहे. तरुणाला दुसरीकडे काम मिळण्याची आशा अधिक असते, पन्नाशीतल्याला ती जवळजवळ नसते. तरुणाने गिरणीला चार वर्षे दिली असतात, वडीलधाऱ्याने पंचवीस दिलेली असतात. सबब संकट येईल तेव्हा त्याचा पहिला आघात ज्याला सोसवेल त्याने सोसावा, असे कायद्याने म्हटले. कामगाराची वर्षे ही त्याची मिळकत मानली गेली. पर्मनंट झालेल्या माणसाला चाळीत, गावात आणि सोयरिकीच्या बैठकीत जो मान मिळे त्याचे मूळ या मिळकतीत होते. त्याच्या नावावर शेत नसले तरी सर्व्हिस होती, आणि निवृत्त होताना मुलाला आपल्या जागी लावता येईल या भरवशावर कित्येक घरांनी मुलांच्या शिक्षणाचे आणि लग्नाचे हिशेब बांधले होते.

या इमारतीच्या सावलीत हजारो बदली कामगार मात्र वर्षानुवर्षे पायरीवरच उभे होते. महिन्याचे मोजके दिवस काम मिळवत त्यांची तिशी आणि चाळिशी उलटली. म्हणूनच १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात वेतनवाढीच्या जोडीला बदलीवाल्यांना कायम करण्याची मागणी होती, आणि मान्यताप्राप्त संघटनेचे एकाधिकार निर्माण करणारा १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा रद्द व्हावा अशीही मागणी होती. सुमारे अडीच लाख कामगार आणि साठाच्या आसपास गिरण्या यांना व्यापणारा हा संप वर्षाहून अधिक काळ चालला. तो रीतसर मागे घेतला गेलाच नाही, हळूहळू विरून गेला. सरकारने १९८३ मध्ये तेरा गिरण्यांचे व्यवस्थापन हाती घेतले, खासगी गिरण्या आपल्या अटींवर सुरू झाल्या, आणि लाखाच्या आसपास कामगारांना त्यांच्या यंत्रापुढे पुन्हा उभे राहता आले नाही.

या लाखभर माणसांत वयाचा भेद फार मोलाचा ठरला, पण त्याची मोजदाद कोणी केली नाही. विशीतला तरुण भिवंडीच्या यंत्रमागावर गेला, रिक्षा शिकला, एखाद्या वर्कशॉपात लागला. ज्याची सर्व्हिस वीस-बावीस वर्षांची होती त्याला भिवंडीतही कोणी विचारले नाही, कारण तेथील बारा तासांच्या पाळीला आणि मक्त्याच्या मजुरीला परप्रांतातून आलेली कोवळी मुले उपलब्ध होती. इमारतींच्या दाराशी रखवाली, भाजीची पाटी, लग्नाच्या हंगामात वाढप्याचे काम, नाहीतर गाव, एवढेच मार्ग त्याच्यापुढे राहिले. घर चालवण्याचा भार बायकांवर पडला. खाणावळी, पापड-लोणची आणि दुसऱ्याच्या घरची धुणीभांडी यांवर त्यांनी ती वर्षे काढली. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ या नाटकाने संपानंतरच्या अशाच एका कुटुंबाची पडझड मराठी रंगभूमीवर आणली आणि मध्यमवर्गीय प्रेक्षकाला ती पाहावी लागली.

संपाने जे बाहेर फेकले गेले त्यांची हानी सर्वांना दिसली. जे आत राहिले त्यांचे पुढे काय झाले, याकडे समाजाचे लक्ष कमी गेले. १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने यंत्रमागांचा मार्ग अधिक मोकळा केला, जुन्या यंत्रांच्या गिरण्या तोट्यात रुतत गेल्या, आणि त्याच काळात त्यांच्याखालील जमिनीचे मोल कापडाच्या मोलाला मागे टाकू लागले. मालकांना माणसे कमी करायची होती, परंतु कपातीला सरकारची परवानगी हवी आणि ती दिली तरी ज्येष्ठांना हात लावता येत नाही, अशी कायद्याची तटबंदी होती. त्या तटबंदीला एक दार मात्र होते. औद्योगिक विवादांच्या कायद्यात कपातीची जी व्याख्या होती तिच्यातून कामगाराची स्वेच्छेने झालेली निवृत्ती वगळलेली होती. कामगाराने स्वतः अर्ज केला, त्यावर त्याची सही आहे, पैसे त्याने मोजून घेतले आहेत. मग परवानगीचा प्रश्न नाही, नोटिशीचा नाही, आणि शेवटी आला तो आधी जाईल या नियमाचाही नाही.

या दारातून जो व्यवहार सुरू झाला त्याचे गणित पाहण्यासारखे आहे. पुढे पुष्कळ ठिकाणी अनुसरल्या गेलेल्या गुजरात पद्धतीप्रमाणे झालेल्या सेवेच्या प्रत्येक वर्षाला पस्तीस दिवसांचा आणि उरलेल्या प्रत्येक वर्षाला पंचवीस दिवसांचा पगार देण्यात येई. वीस वर्षे सेवा झालेल्या आणि पंधरा वर्षे उरलेल्या कामगाराचा हिशेब केला तर तो एक हजार पंचाहत्तर दिवसांचा होतो, म्हणजे सुमारे तीन वर्षांचा पगार. कपातीच्या कायद्याने त्याच माणसाला तीनशे दिवसांचाच पगार मिळाला असता, हे खरे; म्हणून अर्ज करणारा कामगार अविचारी होता असे कोणी म्हणू नये. परंतु पंधरा वर्षांच्या रोजीचा मोबदला तीन वर्षांच्या पगारात चुकता होत होता, आणि ज्याची सेवा जितकी दीर्घ व पगार जितका चढलेला, त्याला घालवण्यात मालकाची दरमहाची बचत तितकी अधिक होती. १९५३ च्या नियमाने ज्येष्ठाला रांगेच्या शेवटी उभे केले होते. या गणिताने त्याला रांगेच्या आरंभी आणून ठेवले.

आणि स्वेच्छेचे स्वरूप तरी काय होते? एक खाते बंद पडे, मग दुसरे. पगाराच्या तारखा लांबत. कच्चा माल येईनासा होई. हजेरी लावून दिवसभर रिकामे बसावे लागे. मग फलकावर योजनेची नोटीस झळके, तिला मुदत असे, आणि मुदतीनंतर हेही मिळणार नाही अशी वदंता खात्याखात्यांतून फिरे. शेजारच्या बंद गिरणीतील कामगार आपल्या थकबाकीसाठी न्यायालयाच्या पायऱ्या झिजवत असल्याचे समोर दिसत असताना हातात पडणारा चेक नाकारण्याचे धैर्य किती जणांनी दाखवावे? ‘हिशेब घेतला’ असे म्हणत माणसे घरी येत, आणि त्या पैशांतून सावकार, मुलीचे लग्न, गावच्या घराचे छप्पर आणि मुलाची रिक्षा यांची सोय लावता लावता चार-दोन वर्षांत ते संपून जात. कायमच्या बंद झालेल्या गिरण्यांतील कामगारांसाठी केंद्र सरकारने १९८६ मध्ये पुनर्वसन निधीची योजना काढली, परंतु तीही पहिल्या वर्षी वेतनाच्या पाऊण, दुसऱ्या वर्षी अर्ध्या आणि तिसऱ्या वर्षी पाव हिश्श्यावर संपणारी होती. १९९२ मध्ये राष्ट्रीय नूतनीकरण निधी स्थापन झाला तेव्हा कामगारांना नवी कौशल्ये शिकवून नव्या कामावर लावण्याची भाषा पुष्कळ झाली. प्रत्यक्षात त्या निधीचा बराचसा भाग, राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळासारख्या सार्वजनिक उपक्रमांत, माणसांना स्वेच्छानिवृत्ती देण्यातच खर्च झाला. पन्नाशीच्या विणकराला दुसरे काय शिकवता येईल याचा मनापासून शोध घेण्यापेक्षा त्याला निरोप देणे सोपे होते.

करांच्या नियमांनी या रीतीला राजमान्यता दिली. स्वेच्छानिवृत्तीच्या रकमेवर पाच लाख रुपयांपर्यंत प्राप्तिकराची सूट मिळते, आणि ती मिळण्यासाठी योजनेत जी अट असावी लागते ती अशी की, कामगाराची दहा वर्षे सेवा झालेली असावी किंवा त्याने वयाची चाळीस वर्षे पूर्ण केलेली असावीत. अमेरिकेने १९६७ मध्ये वयाच्या कारणावरून नोकरीत होणाऱ्या भेदभावाविरुद्ध कायदा केला आणि त्याचे संरक्षण चाळिसाव्या वर्षापासून सुरू केले. एका देशाने चाळिशीला माणसाच्या रक्षणाचा आरंभ मानला, आणि दुसऱ्याने त्याच चाळिशीला त्याच्या निरोपाचा. आपल्या राज्यघटनेच्या पंधराव्या व सोळाव्या अनुच्छेदांत धर्म, वंश, जात, लिंग आणि जन्मस्थान यांवरून भेद करण्यास मनाई आहे. त्या यादीत वय नाही, आणि खासगी नोकरीत वयावरून होणाऱ्या भेदाला आळा घालणारा सर्वसाधारण कायदाही आपल्याकडे झालेला नाही.

गिरणगावात रूढ झालेली ही रीत तेथेच थांबली नाही. २०००-०१ मध्ये सार्वजनिक क्षेत्रातील बँकांनी पंधरा वर्षे सेवा किंवा चाळीस वर्षे वय या अटीवर स्वेच्छानिवृत्ती देऊ केली आणि सुमारे एक लाख कर्मचारी बाहेर पडले. २०१९ च्या अखेरीस भारत संचार निगम आणि महानगर टेलिफोन निगम यांच्या योजना आल्या. त्यांची अट पन्नास वर्षे वयाची होती आणि हिशेब तोच, झालेल्या वर्षाला पस्तीस दिवस व उरलेल्याला पंचवीस. ३१ जानेवारी २०२० या एका दिवशी दोन्ही निगमांतून मिळून नव्वद हजारांहून अधिक माणसे निवृत्त झाली. मुंबईत एके काळी गिरणीकामगाराकडे किंचित कणवेने पाहणारा जो टेलिफोनचा आणि बँकेचा नोकरवर्ग होता, त्यालाही त्याच रीतीने निरोप मिळाला. त्या उपक्रमांच्या तोट्याची कारणे गंभीर होती हे मान्य करूनही, तोट्याचा इलाज शोधताना प्रत्येक वेळी वय हीच रेघ का ओढली जाते, हा प्रश्न उरतोच.

जुन्या गिरणीकामगाराच्या पदरात शेवटी काय पडले ते पाहिले म्हणजे या प्रश्नाचे गांभीर्य कळते. निवृत्तिवेतनाची १९७१ ची योजना मुख्यतः कामगाराच्या मृत्यूनंतर कुटुंबाला वेतन देणारी होती. कामगाराला स्वतःच्या हयातीत निवृत्तिवेतन देणारी योजना नोव्हेंबर १९९५ मध्ये आली, म्हणजे जे १९८२ च्या संपात गेले त्यांना ती उपयोगी पडली नाही. ज्यांना ती लागू झाली त्यांच्यासाठी महिना किमान एक हजार रुपयांची हमी मिळण्यास सप्टेंबर २०१४ उजाडावा लागला. जमिनीच्या वाट्याची कथाही अशीच आहे. १९९१ च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचे महापालिका, म्हाडा आणि मालक यांच्यात वाटप ठरवले. २००१ च्या दुरुस्तीने ते वाटप केवळ मोकळ्या जमिनीपुरते राखले, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरवली. मॉडर्न मिलचे कामगार दत्ता इस्वलकर यांनी १९८९ मध्ये बंद गिरण्यांच्या कामगारांची संघर्ष समिती उभारून पुढील तीन दशके जो चिवट लढा दिला, त्यामुळे कामगारांना घरे देण्याचे तत्त्व तरी टिकले. १ जानेवारी १९८२ रोजी पटावर असलेले कामगार आणि त्यांचे वारस यांच्याकडून दीड लाखाच्या आसपास अर्ज आले. २०१२ च्या सोडतीत घरे निघाली ६,९२५. संपाच्या दिवशी चाळीस वर्षांचा असलेला माणूस त्या वेळी सत्तरीत होता, आणि अर्जदारांत वारस इतके का होते याचे कारण यातच आहे.

या इतिहासावरून काही गोष्टी निश्चित म्हणता येतात. ज्येष्ठाचे संरक्षण करणारा नियम कायद्याच्या पुस्तकात राहूनही व्यवहारात मोडता येतो, आणि तो मोडण्याचे साधन ज्येष्ठाचीच सही असू शकते. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही शेवटी आला तो आधी जाईल हा नियम आहे आणि स्वेच्छानिवृत्ती कपातीतून वगळलेलीही आहे, एवढेच की परवानगीची मर्यादा पुन्हा तीनशेवर नेली आहे. कपात झालेल्या कामगाराच्या नव्या शिक्षणासाठी मालकाने पंधरा दिवसांचे वेतन द्यावे अशी तरतूद तिच्यात आहे. पंचवीस वर्षांचा अनुभव नव्या कामाकडे वळवण्यास पंधरा दिवसांचे वेतन पुरेल, अशी कल्पना कोणीही प्रामाणिकपणे करू शकणार नाही.

म्हणून मागणे स्पष्ट असावे. कपातीची परवानगी ज्या अधिकाऱ्याकडे मागावी लागते, त्याच अधिकाऱ्यापुढे स्वेच्छानिवृत्तीच्या प्रत्येक अर्जदाराचा जबाब मालकाच्या अनुपस्थितीत व्हावा, आणि पगार थकलेला किंवा काम काढून घेतलेले असताना केलेला अर्ज स्वेच्छेचा मानू नये. केवळ वयाची रेघ आखून काढलेली योजना करसवलतीस अपात्र ठरावी. भरतीच्या जाहिरातीत कामाच्या स्वरूपाशी संबंध नसलेली वयाची अट घालण्यास मनाई असावी, कारण ज्याला पंचेचाळिसाव्या वर्षी काढले त्याला छेचाळिसाव्या वर्षी कोणीही घेत नाही, हाच या सर्व दुःखाचा गाभा आहे. आणि ज्यांची वर्षे या शहराच्या संपत्तीत मुरली त्यांचे निवृत्तिवेतन किमान निर्वाहाला पुरेल इतके असावे. गिरणीकामगारांनी वर्षांच्या सेवेला मिळकतीचा दर्जा मिळवून देण्यास दोन पिढ्या खर्च केल्या होत्या; तो दर्जा त्यांच्या हातून कसा गेला हे आज बँकांत, कारखान्यांत आणि संगणकांच्या कचेऱ्यांत चाळिशी ओलांडणाऱ्या प्रत्येकाने जाणून घेतले पाहिजे, आणि त्या दर्जासाठी पुन्हा संघटित झाले पाहिजे.